नाही म्हणायला लाजणारं मशीन

आमच्या घरी कुंकू संपत नसे, वाढत असे. बांगडीही फुटत नसे, तीही वाढत असे. आणि दारावर आलेल्या माणसाला 'नाही' कधीच म्हणायचं नसे. आई वर्ध्याकडची. भिलाईच्या सेक्टरमधल्या क्वार्टरच्या दारात उभी राहून ती भाजीवालीला हसून सांगायची, "काली आबे बाई." म्हणजे उद्या ये. आईला छत्तीसगढी तेवढीच येत होती, पण अगदी अस्खलित. भाजीवाली उद्या यायची, आणि मग संकोचापोटी आई लालभाजीची एक जुडी घ्यायची. एका विमा एजंटाला तर आमच्याकडून "पुढच्या महिन्यात या जी" इतकी वर्षं ऐकायला मिळालं की शेवटी तो रिटायर झाला आणि पेढे द्यायला आला. विमा आम्ही कधी काढला नाही. पेढे मात्र खाल्ले.

हे सगळं सांगायचं कारण एवढंच की नव्वदीच्या अखेरीला, राज्य अजून मध्य प्रदेशच होतं तेव्हा, मी माझ्या आईचे हे संस्कार एका मशीनवर केले. आणि त्या मशीननं शेजारच्या काकाजींची एकुलती एक मुलगी जवळजवळ घालवली.

तेव्हा मी इंडस्ट्रियल एरियातल्या एका खाजगी कारखान्यात नोकरीला होतो. पोलादाच्या प्लांटला लागणारे सुटे भाग तिथं ओतले जात, कातले जात. मला ना ओतता येत होतं ना कातता. त्यामुळे मला कॉम्प्युटर दिला. ज्याला काही कळत नाही त्याला ते काम द्यायचं, जे कुणालाच कळत नाही, हा आमच्या साहेबांचा नियम होता आणि तो माझ्या बाबतीत फार चांगला चालला.

कॉम्प्युटरच्या खोलीला एसी होता. बाहेर फाल्गुनाची हवा, कुठूनतरी मोहाच्या फुलांचा गोड, जड वास, भट्टीची धग. आणि आत थंडगार अर्धा अंधार. एका कोपऱ्यात मोडेमचे हिरवे दिवे लुकलुकायचे. चोवीस तास चालू असलेली एक भाड्याची लाइन रायपूरहून आमच्यापर्यंत आली होती. वेग असा की एखादं ड्रॉइंग यायला लागलं की चहा पिऊन, पान खाऊन परत यावं. मी खुर्चीत रेलायचो, डोळे जडावायचे, आणि त्या दिव्यांकडे पाहता पाहता वाटायचं, समुद्रापलीकडून कोणीतरी निघालंय, अंधारातून चालत येतंय, आणि आता आपल्या फाटकाची कडी वाजवणार.

आणि खरंच वाजायची. ई-मेलचं मशीन म्हणजे दुसरं काही नाही, दार आहे. दूरचं मशीन येऊन कडी वाजवतं, पण बोलत नाही. पहिल्यांदा बोलायचं ते घरच्यानं. आणि घरचं मशीन बोलतं ते आधी एक आकडा, मग त्यापुढं चार शब्द. दोनशे वीस म्हणजे 'या, आहे मी.' चारशे एकवीस म्हणजे 'आत्ता जमत नाही, नंतर या.' पाचशे चोपन्न म्हणजे 'नाही. इथं तुमचं काम होणार नाही.' आलेलं मशीन फक्त आकडा ऐकतं. पुढचे शब्द माणसांसाठी, आणि ते बहुधा कोणीच वाचत नाही. निदान मला तसं वाटत होतं.

आता काकाजींकडे येतो. काकाजी म्हणजे आमच्या कंपाउंडच्या भिंतीला लागून असलेल्या क्वार्टरमधले. भंडाऱ्याकडचं बौद्ध कुटुंब. काकाजी प्लांटच्या ड्रॉइंग ऑफिसात. बाहेरच्या खोलीत एक लहानशी बुद्धमूर्ती, तिच्यापुढं रोज मोगऱ्याची चार फुलं. मुलगी अभ्यासात अशी की सेक्टरमधल्या बाकी सगळ्या पोरांना, म्हणजे मुख्यत्वे मला, तिच्या नावानं बोलणी बसत. ती शिकायला परदेशी गेली. काकाजींकडे फोन नव्हता. आमच्याकडे होता, म्हणून आमचा नंबर त्यांचा पी.पी. नंबर. पण परदेशी फोन म्हणजे पैशाचा धूर. तो फक्त बुद्धपौर्णिमेला आणि दिवाळीत यायचा. एरवी ती माझ्या ऑफिसच्या पत्त्यावर मेल करायची. मी ते दोन्ही बाजूंना भोकं असलेल्या कागदावर छापून संध्याकाळी भिंतीवरून काकाजींना द्यायचो. काकाजी उत्तर सांगायचे, मी सकाळी टाइप करायचो. सेक्टरमधला मी अत्याधुनिक पोस्टमन.

त्या फाल्गुनात तिची एक छोटी मेल आली. 'पुढच्या मेलमध्ये एक गोष्ट विचारणार आहे. बाबा, हो म्हणा की नाही म्हणा, पण म्हणा. तुमचं उत्तर आल्याशिवाय मी पुढं काही करणार नाही, पण फार दिवस थांबताही येणार नाही.'

काकूंनी कागद दोनदा ऐकला. "लग्नाचं आहे," त्या म्हणाल्या. "तिकडचाच कोणी असन."

काकाजी मोगऱ्याच्या झाडाला पाणी घालत राहिले, झाडाचं तळं होईपर्यंत.

नेमक्या त्याच आठवड्यात आमच्या मशीनवर कचऱ्याचा पूर आला. टकलावर केस उगवणारं औषध, फुकट घड्याळं, न लावलेल्या लॉटरीची बक्षिसं. लाइन बिचारी बारीक; तिच्यात हे सगळं घुसल्यावर गिऱ्हाइकाची ड्रॉइंगं अडकून पडली. साहेब स्वतः खोलीत आले, पाच मिनिटं एसीची हवा घेतली आणि म्हणाले, "बंद करो ये सब."

मी शोध घेतला. बराचसा कचरा परदेशातल्या एका ठिकाणाहून येत होता. त्याच्या आसपासचे पत्ते कोणाचे, हे पाहायचा कंटाळा आला. म्हणून मी ती सगळी आळीच्या आळी बंद केली. म्हणजे वैशाली नगरातला एक पोरगा बेल वाजवून पळतो म्हणून अख्ख्या वैशाली नगरला घरात बंदी. त्या आळीत तिच्या कॉलेजचं मशीनही राहत होतं, हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक करून घेतलं नव्हतं, असं म्हणा.

बंदी घातली, आता दारात आकडा कोणता सांगायचा? पाचशे चोपन्न मी टाइप केलं. पडद्यावर ते इतकं उघडंनागडं दिसलं की मला कसंतरीच झालं. कोण कुठून समुद्र ओलांडून आलेलं मशीन, त्याला पहिल्याच शब्दाला 'नाही'? पाणीसुद्धा न विचारता? माझी बोटं आपोआप मागे सरकली. मी चारशे एकवीस लिहिलं. आणि पुढं माणसांसाठीच्या जागेत, रोमन अक्षरांत, आमच्या घरच्या बोलीत लिहून टाकलं : 'आता गर्दी आहे बापा, मंग या.'

फार बरं वाटलं. खुर्चीत रेलून मी स्वतःवर खूश होत डुलकी घेतली.

कचरा यायचा थांबला. साहेब खूश. पण लाइन काही मोकळी होईना. कारण उघड होतं, मला सोडून सगळ्यांना दिसलं असतं. 'मंग या' म्हटल्यावर मशीन खरंच मंग येतं. थोड्या वेळानं येतं, पुन्हा येतं, आणखी थोड्या वेळानं पुन्हा. मला मात्र त्या दिवसांत एक सुंदर भास व्हायचा. वाटायचं, आमच्या कारखान्याच्या फाटकाबाहेर, त्या पळसाच्या झाडाखाली, परदेशी पत्रं उन्हात रांगेनं बसलीत. कडी वाजवतात, 'मंग या' ऐकतात, निमूट मान हलवतात, पळसाची लालभडक फुलं अंगावर झेलत बसतात, पुन्हा उठतात. काय शहाणी पत्रं, म्हणून मी त्यांच्याकडे कौतुकानं पाहायचो. त्यांतलंच एक काकाजींचं होतं.

संध्याकाळी मी स्कूटर लावली की भिंतीपलीकडून आवाज यायचा.

"आलं का जी बाबू काई?"

"नाही आलं काकाजी."

"येईन." काकाजी आकाशाकडे पाहत. प्लांटच्या बाजूला भट्टीतला वितळलेला मळ, म्हणजे स्लॅग, ओतला की आभाळ हळूहळू नारिंगी व्हायचं, थोडा वेळ तसंच राहायचं, मग विझायचं. आम्ही दोघं ते पाहत उभे राहायचो.

काकू मात्र थेट विचारायच्या. "तुमच्या मशीनले तर काई झालं नाही ना?"

हे मला लागलं. "काकू, मशीन एकदम टिचन आहे. येणार असतं तर आलं असतं." वर आणखी अक्कल पाजळली, "ती बिझी असेल. तिकडं लोकांना वेळ नसतो."

त्यावर काकूंनी काकाजींकडे पाहिलं, आणि काकाजी आत निघून गेले. त्या दिवशी बुद्धमूर्तीपुढची फुलं आदल्या दिवशीचीच होती, कोमेजलेली. मोगरा फुलायचा काही थांबला नव्हता. तोडणाऱ्याचं लक्ष थांबलं होतं. 'उत्तर आल्याशिवाय पुढं काही करणार नाही,' असं लिहिणारी पोरगी प्रश्नच विचारत नाही, याचा अर्थ काकाजींनी लावला होता. तिनं न विचारताच लग्न उरकलं.

एका रविवारी सकाळी आई पोहे परतत होती आणि फोन वाजला. परदेशी फोनची घंटा लांबलचक वाजते असं आमच्या घरी सगळ्यांचं मत होतं. मी उचलला. तिकडून तिचा आवाज, समुद्राच्या तळातून आल्यासारखा.

"दादा, तूने मेरी मेल बंद केली का रे?"

"नाही गं! काहीच बंद नाही."

"अच्छा? मग ऐक. माझी मेल आज परत आली. इतके दिवस तुमच्या दारात बसून परत आली. सोबत कारण लिहून आलंय. वाचू? चारशे एकवीस, आता गर्दी आहे बापा, मंग या."

स्वयंपाकघरातून पोह्यांचा वास येत होता. तो वास मला अजून आठवतो, कारण त्या क्षणी माझ्याजवळ दुसरं काहीच नव्हतं.

"इथला सिस्टीमवाला मले विचारतो, ही कोणती भाषा आहे? मी काय सांगू त्याले?" ती हसत होती, आणि हसता हसता तिचा आवाज फाटला. "दादा, मले वाटलं बाबांनी वाचलं अन् गप्प बसून राहिले. आमच्या घरी गप्प बसणं म्हणजे काय, तुले माहीत आहे ना? मी रोज पाहत होती. सरळ नाही म्हणाला असता तुझा डब्बा, तर त्याच मिनिटाले मेल परत आली असती. मी त्याच दिवशी फोन केला असता. तू त्याले लटकवून ठेवलं, अन् मलेही."

मी भिंतीवरून काकाजींना हाक मारली. ते बनियनवर सदरा चढवत आले, मागून काकू. माझी आई कलथा हातात घेऊन दारात. परदेशी फोनवर ओरडून बोलायचं असतं ही भिलाईची पद्धत, त्यामुळे दोन्ही बाजू सगळ्यांना ऐकू येत होत्या.

तिनं विचारलं. मुलगा तिकडचा, तिच्याच कॉलेजातला. लग्न भिलाईलाच, विहारात, साधं. बाबा, हो की नाही?

काकाजींनी घसा खाकरला. "मंग... पाहू ना आता..."

"पाहू काय पाहू!" काकू कडाडल्या. "पोट्टी इतक्या दुरून विचारून राहिली. तोंडानं सांगा काय ते."

काकाजी थांबले. फोनवर ती शांतता किती महाग पडत होती, हे सगळ्यांना ठाऊक असूनही कोणी हललं नाही. खिडकीतून पेरूच्या झाडाची सावली काकाजींच्या सदऱ्यावर हलत होती.

"नाही," काकाजी म्हणाले. "मले पटलं नाही. तू तिकडचीच होऊन जाशीन."

तिकडून काहीच आलं नाही. बोलणं संपलं असं समजून मी, म्हणजे आमच्या घरचा सगळ्यात शहाणा माणूस, रिसीव्हर घ्यायला हात पुढं केला. काकाजींनी माझा हात असा झटकला की मनगट दुखलं.

"फोन ठेवू नको," ते तिला म्हणाले. "मी ठेवत नाही. मी नाही म्हटलं, ते म्हटलं. आता तू बोल. तुझं बोलणं होऊ दे, मी इथंच आहे."

आणि ती बोलली. आधी रडली, मग भांडली, मग बोलली. काकाजी "हं" म्हणत होते. प्रत्येक 'हं' वेगळा. मधेच त्यांनी विचारलं, "काय खातो तो?" मग, "तिखट चालते का?" ती म्हणाली, मी त्याला सांगते की आमच्याकडे संध्याकाळी आभाळ पेटतं तर त्याला खोटं वाटतं. काकाजी म्हणाले, "खोटं कावून? कालच पेटलं होतं. मी अन् बाबू पाहत होतो." आणि मग बराच वेळ ते तिला आभाळाबद्दलच सांगत होते, कुठल्या बाजूनं रंग चढतो, पेरूची पानं कशी तांब्याची दिसतात. आम्ही सगळे त्या खोलीत उभे होतो आणि सकाळच्या उन्हात आम्हाला संध्याकाळ दिसत होती.

शेवटी ती म्हणाली, "बरं बाबा. येते."

"ये," काकाजी म्हणाले. तिकडून फोन ठेवल्याचा आवाज येईपर्यंत त्यांनी रिसीव्हर कानाला तसाच धरून ठेवला.

ते गेल्यावर मी आईवर चिडलो. कोणावर तरी चिडणं भाग होतं. "तुझ्यामुळं झालं. तुझं ते 'मंग या'!"

आईनं पोहे वाढले. करपले होते. "मी मंग या म्हणते तेव्हा हसून म्हणते," ती म्हणाली. "समोरच्याले समजते ना, की मंग म्हणजे कधीच नाही. तुह्या मशीनले हसता येते का?"

सोमवारी मी खुर्चीत न रेलता बसलो. त्या काळात या सगळ्या दळणवळणाचे नियम नव्यानं लिहिले जात होते. त्यांचा एक मसुदा मी छापून ठेवला होता आणि त्यावर चहाचा कप ठेवत असे. कपाखालचा भाग वाचला. दारातच नाकारायचं असेल, तर पाचशे चोपन्न सांगा. पण ते सांगून लाइन तोडू नका. आलेलं मशीन स्वतः निरोप घेईपर्यंत थांबा. मधे ते काही बोललंच, तर आता ती वेळ नाही एवढं सांगा, आणि त्यानं 'जातो' म्हटल्यावर मगच दार लावा. ही ओळ मी पूर्वीही वाचली होती आणि हसलो होतो. नाही म्हणून झाल्यावर कशाला ताटकळायचं? आता कळलं. धाडकन दार लावलं तर येणाऱ्याला वाटतं, वाऱ्यानं लागलं असेल. पुन्हा येऊन पाहू. 'नाही' त्याच्या कानात नीट पडलं, आणि ते ऐकून त्यानं स्वतःहून पाठ फिरवली, तरच ते घरी जाऊन आपल्या माणसाला त्याच मिनिटाला सांगतं, की तुझं पत्र पोचलं नाही. दुसरा रस्ता बघ. आणि चारशे एकवीस? ते आपल्याच घरात पसारा असेल तेव्हासाठी. तासाभरात आवरून दार खरंच उघडणार असू, तरच.

मी आकडा बदलला. बंदी फक्त त्या एका बेल वाजवून पळणाऱ्यापुरती ठेवली, बाकी आळी मोकळी केली. माणसांसाठीच्या जागेत सरळ लिहिलं की तुमच्याकडून मेल घेत नाही, तक्रार असेल तर या नंबरवर फोन करा. मग पडद्यावर पाहत बसलो. कचऱ्याचं मशीन आलं, त्यानं 'नाही' ऐकलं, क्षणभर थांबलं, 'जातो' म्हणालं, आणि गेलं. पळसाखालची रांग उठली. लाइन अशी मोकळी झाली की हिरवे दिवे संथ, झोपेतल्या श्वासासारखे चालायला लागले. मग एक कडी वाजली, मशीन 'दोनशे वीस' म्हणालं, आणि तिनं पुन्हा पाठवलेली तीच मेल आत आली. तेवढ्या प्रवासानंतरही एक अक्षर इकडचं तिकडं झालं नव्हतं. आता त्या मेलचं काम संपलं होतं, तरी मी ती छापली. संध्याकाळी काकाजींनी ती भिंतीशी उभं राहून वाचली, घडी केली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली. मोगऱ्याची फुलं त्या दिवशी ताजी होती.

त्यानंतर त्या दोघांचं भांडण रोज होऊ लागलं. मेलवर. मी टाइप करून करून दमलो. "लिहा, माझं नाहीच आहे," काकाजी सांगायचे, आणि पुढं दोन पानं मजकूर सांगायचे. तिचंही तसंच. हिवाळ्यापर्यंत मला त्या उंच, सोनेरी केसांच्या मुलाच्या आवडीनिवडी पाठ झाल्या होत्या.

हिवाळ्यात ती आणि तो मुलगा आले. लग्न विहारात झालं, अर्ध्या तासात. काकाजी पांढरे कपडे घालून स्वतः खीर वाढत होते, आणि पानापानापाशी थांबून सांगत होते, "मी नाही म्हटलं होतं जी. अजूनही नाहीच आहे. खीर घ्या ना अजून."

दुर्ग स्टेशनवर त्यांना पोचवायला आम्ही सगळे गेलो. गाडी हलायच्या आधी तो मुलगा खिडकीतून वाकला. तिनं त्याला एकच मराठी शब्द शिकवला होता, तो त्यानं जुळवून जुळवून उच्चारला, "येतो."

आपल्याकडे यावर 'या' म्हणतात, आणि माणूस जातो. काकाजींनी खिडकीची सळई घट्ट धरली.

"कधी?" ते म्हणाले.

त्याला कळलं नाही. तो तिच्याकडे पाहायला लागला. गाडी हलली, तरी काकाजी सळई धरून चालत राहिले, ते उत्तर ऐकायला.